शेंदरी बाण

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. आणि ते खोटं माझ्या सहीखाली लपवलंत.

‘पदभ्रमणार्थी श्रीमती रागिणी या मार्गदर्शक चिन्हे चुकीच्या ठिकाणी रंगविण्यात आल्याने वाट चुकल्या.’ हे तुमच्या अहवालातलं वाक्य. यात माझं नाव तेवढं बरोबर आहे. चिन्हं जागच्या जागी रंगवली होती, रंगवणारा माणूसही सरळ होता. चुकलात तुम्ही. तेही डोंगरात नाही, एसीखाली बसून, एका लाकडी फळीवर सही करताना.

ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पण मी ती तुमच्या एकट्यासाठी लिहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

नरनाळ्याच्या पायथ्यापासून गाविलगडाच्या दरवाज्यापर्यंत सातपुड्याच्या अंगावरून एकशे अठरा किलोमीटरची पायवाट तुमच्या कार्यालयानं आखली. नाव ठेवलं सलग वाट. नऊ दिवस चालायचं, मधे कुठंही गाडीत बसायचं नाही, दर टप्प्याला एका पासबुकात शिक्का घ्यायचा, नऊ शिक्के झाले की प्रमाणपत्र. पुस्तिका गुळगुळीत कागदावर छापली. उद्घाटनाच्या फोटोत तुम्ही पहिल्या दगडाजवळ उभे आहात, एक पाय दगडावर. तुमच्या बुटाच्या तळाला अजून दुकानाचं स्टिकर चिकटलेलं आहे. तिथं हजर असलेला माणूस सांगतो की तुमच्या ड्रायव्हरनं गाडी बंदसुद्धा केली नव्हती. वाट एकशे अठरा किलोमीटरची आणि तुम्ही चाललात चहा निवेल एवढी.

तो हजर असलेला माणूस म्हणजे संघपाल. अकोटचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे पाढे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, असली कामं करतो. अक्षर असं की पाटी पाहून माणूस नसलेली वस्तू घ्यायला दुकानात शिरतो. सलग वाटेवरच्या एकशे साठ दगडांवर बाण काढायचं काम तुम्ही त्याला दिलं. काम सुरू करण्याआधी तो एक फळी घेऊन तुमच्या केबिनमध्ये आला होता. फळीच्या अर्ध्या भागावर निळा बाण, अर्ध्या भागावर शेंदरी. निळा का, तर सागाच्या जंगलात पानं हिरवी, मग पिवळी, मग तपकिरी, निळं काहीच नसतं. लांबून डोळ्यात भरेल. शेंदरी त्यानं फक्त तुमचा हट्ट म्हणून काढून आणला होता, कारण तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं की ड्रोनमधून शेंदरी उठून दिसतो.

निळा पाहून तुम्ही काय म्हणालात ते केबिनमधल्या चौघांनी ऐकलं. तुम्ही म्हणालात, तुम्हा लोकांना जिथं तिथं निळाच लागतो. चौघं हसले. संघपाल हसला नाही. तो एवढंच म्हणाला, ‘‘साहेब, इकडं शेंदरी दगड मंग दगड राहत नाई.’’

तुम्ही शेंदरी अर्ध्यावर पेनानं ‘मंजूर’ लिहिलंत, खाली सही केलीत, तारीख टाकलीत.

आता माझं. अमरावतीत कोर्टाजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. वीस वर्षं लोकांचे अर्ज टाईप करते. दुकान ते घर, घर ते दुकान, वीस वर्षांत मी एका दिशेनं सलग कधी चाललेच नव्हते. आम्ही सपाटीवरची माणसं. चढ म्हणून आम्हाला राजापेठचा उड्डाणपूल ठाऊक. पुस्तिका माझ्याच दुकानात कुणीतरी झेरॉक्सला आणली होती. मी एक प्रत जास्तीची काढली आणि वर्षभर पैसे नाही, पाय साठवले. रोज पहाटे मालटेकडी चढून उतरायची, पाठीवर पिशवीत कागदाचे रिम घेऊन.

गेल्या फेब्रुवारीत एकटीच निघाले. पहिले पाच दिवस मी आयुष्यात इतकी खूश नव्हते हे इथं कबूल करते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यावरून वाट वाईट आहे असं कुणाला वाटायला नको. वाट चांगली आहे. डोंगर तुम्ही बांधला नाहीत म्हणून चांगला आहे. सागाची पानं गळून वाटेवर थरच्या थर झालेले, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. पाऊल कुठं पडलं होतं हे दोन मिनिटांनी मागं वळून पाहिलं तरी दिसत नाही. म्हणून त्या वाटेवर माणूस फक्त बाणाच्या भरवशावर चालतो.

सहाव्या दिवशी चौऱ्याण्णव नंबरचा दगड यायला हवा होता तिथं दोन वाटा फुटल्या आणि दगड नव्हता. डाव्या हाताला, खाली उतारावर, मोहाच्या झाडाखाली शेंदरी दिसलं. मी उतरले. दगड होता, बाणही होता. बाण नाल्याकडं दाखवत होता. दगडासमोर नारळाच्या करवंट्या आणि जळलेल्या उदबत्तीच्या काड्या होत्या. मी वऱ्हाडातली बाई, साहेब. दगडासमोर करवंट्या पाहिल्यावर मला कळायला पाहिजे होतं. पण पाच दिवस त्या बाणानं मला फसवलं नव्हतं. मी हात जोडले आणि बाणाच्या दिशेनं गेले.

नाला सात किलोमीटर चालला. कोरडा. पुढं एकही दगड नाही. पुस्तिकेत सहाव्या दिवशी ‘बारमाही झरा’ छापलाय तो वरच्या वाटेवर आहे, मी खाली होते. अकराला पाणी संपलं. दुपारी दोनच्या सुमारास मी एका कातळाला टेकून बसले आणि उठायचं कशासाठी तेच आठवेना. चारला जाईबाई म्हशी घेऊन आली. साठीची बाई, पिंपळढाण्याची. तिनं मला आधी पाणी पाजलं नाही, ओला पदर ओठावर फिरवला, मग एकेक घोट दिला. तुमच्या पुस्तिकेत प्रथमोपचाराची तीन पानं आहेत, त्यात हे नाही. मग म्हशीवर घालून मला रस्त्याला आणलं.

परतवाड्याच्या दवाखान्यात सलाईन लावलेलं असताना तुमचा माणूस आला. फळं आणली होती. सोबत टाईप केलेला कागद. ही फक्त तब्येतीची नोंद आहे ताई, इथं सही करा. मी केली. न वाचता.

हे माझ्या वाट्याचं पाप आहे आणि ते मी कुणाच्या अंगावर ढकलत नाही. वीस वर्षं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला सांगते, बाबा, वाचल्याशिवाय सही करू नको. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवते, पण सही करू नको. आणि मी स्वतः सफरचंदांकडं पाहून सही केली.

ऑक्टोबरमध्ये एक माणूस दुकानात आला. चष्म्याच्या काचेवर रंगाचे शिंतोडे. मी विचारलं, काय टाईप करायचं. त्यानं तुमची नोटीस काउंटरवर ठेवली आणि दवाखान्यात सही केलेल्या माझ्या जबाबाची प्रत तिच्यावर ठेवली. त्याचा आवाज चढला नाही.

‘‘ताई, तुमी मले दगड हलवताना पाह्यलं काय?’’

मी नोटीस वाचली. मग जबाब वाचला, आठ महिन्यांनी, पहिल्यांदा. नोटीशीत लिहिलं होतं की संघपाल यांनी चिन्हांकित दगड चुकीच्या जागी बसविल्याचे पदभ्रमणार्थीच्या जबाबावरून सिद्ध होते. सबब त्यांनी सर्व विस्थापित दगड साठ दिवसांत मूळ जागी स्वतः नेऊन बसवावेत, अन्यथा काळ्या यादीत नाव टाकून गुन्हा दाखल करण्यात येईल.

‘विस्थापित’ दगड. मी असे शब्द रोज टाईप करते, मला त्यांचा वास येतो. तो शब्द ज्यानं लिहिला त्याला दगड कुठं गेलेत ते पक्कं ठाऊक होतं.

जबाब मागं घ्यायला मी तुमच्या कार्यालयात आले. तुम्ही भेटला नाहीत. कारकुनानं पुस्तिकेचं शेवटचं पान काढून दाखवलं. नियम अकरा: मार्गाबद्दलची तक्रार फक्त मार्ग पूर्ण केलेल्या, नऊ शिक्केधारक व्यक्तीचीच ग्राह्य धरली जाईल. म्हणजे जो वाट चुकला त्यानं वाट चुकल्याची तक्रार करायची नाही, कारण त्यानं वाट पूर्ण केली नाही. हा नियम ज्यानं लिहिला त्याच्या डोक्याची झेरॉक्स काढून दुकानात लावावी असं मला वाटलं. पण मी कारकुनाला म्हटलं, ठीक आहे, आणते नऊ शिक्के.

नोव्हेंबरात आम्ही दोघं निघालो. संघपालच्या पाठीवर दगडांची यादी असलेली वही, भाकरी आणि ठेचा. माझ्या पाठीवर दुप्पट पाणी. त्याला प्रत्येक दगड पाठ. कुठल्या दगडाला कोरं अंग होतं, कुठल्या दगडावर रंग दोनदा प्यायला, कुठल्या दगडाखाली विंचू निघाला होता. दगड जागेवर असला की वहीत टिंब, नसला की गोल. पहिल्या दिवशी दोन गोल. दुसऱ्या दिवशी पाच. वस्ती जवळ आली की गोल वाढायचे.

कारण तेच, जे त्यानं तुम्हाला केबिनमध्ये सांगितलं होतं. वाटेच्या मधोमध शेंदरी दगड. माणसं ओलांडतात, ढोरं त्याला अंग घासतात. पाहणाऱ्याला कसंतरी होतं. मग कुणीतरी तो उचलतं, स्वच्छ धुतं आणि झाडाखाली, पारावर, शेताच्या कोपऱ्यात मानानं ठेवतं. वरून आणखी शेंदूर, तेल. दोन शनिवार गेले की बाण बुजतो. एका ठिकाणी देवावर पत्र्याचं छप्पर होतं. एका ठिकाणी बाण मुद्दाम बुजवला नव्हता, आणि आम्हाला सांगण्यात आलं की देव जिकडं बोट दाखवते तिकडून पाऊस येते, यंदा तिकडूनच आला.

मी हसले. संघपाल दगडाकडं पाहत राहिला. चालायला लागल्यावर बोलला. त्याच्या आजोबानं छप्पन साली घरातले सगळे देव गाठोड्यात बांधले होते, पूर्णेच्या पात्रात जाऊन सोडून आले होते, आणि घरी येताना मागं वळून पाहिलं नव्हतं. ‘‘आज्यानं पाच सोडले,’’ तो म्हणाला, ‘‘अन् म्या साहेबाच्या पेनापायी एकशे साठ उभे करून ठेवले.’’

तिसऱ्या टप्प्याला शिक्का नत्थुजीकडं होता. नत्थुजीचं चहाचं खोपट. शिक्का साखरेच्या डब्यात, मुंग्यांपासून सुरक्षित. मी पासबुक पुढं केलं तर त्यानं विचारलं, एकच मारू का सगळे मारू. मला कळलं नाही. त्यानं साखरेच्या डब्यातून एक सोडून नऊ शिक्के काढले आणि ओळीनं मांडले. म्हणाला, ‘‘तुमच्या साहेबाचे आठ लोकं आले होते जीपनं. वर कोण चढते म्हणे. नवाही शिक्के इथंच बनवून ठेवले, इथंच बसून मारले, भजे खाऊन गेले. तुमाले कावून चालाचं हाय?’’

त्या आठ जणांची प्रमाणपत्रं तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहेत, साहेब. मी ती जबाब मागं घ्यायला आले तेव्हा वाचली होती. नियम अकराप्रमाणे तक्रार करायला तेवढेच आठ जण पात्र. आणि त्यांची काही तक्रार नाही. भजी चांगली होती.

मी नत्थुजीला म्हटलं, एकच मारा.

सहाव्या दिवशी पिंपळढाण्याच्या वरच्या फाट्यावर पोचलो. या वेळी मी मोहाच्या झाडाकडं आपणहून उतरले. चौऱ्याण्णव नंबर आता ओट्यावर होता. सिमेंटचा छोटा ओटा, त्याच्यावर पितळी घंटा. जाईबाईनं मला लांबून ओळखलं. माझा हात धरून देवासमोर नेलं, माझ्या कपाळाला शेंदूर लावला आणि जमलेल्या पाचसात जणांना सांगितलं की हीच ती बाई. ‘‘बाणवाल्या देवानंच हिले माह्याकडं धाडलं. नाई तं मेली असती पोरगी.’’

आता तुम्ही सांगा, मी तिला काय सांगायचं होतं. की देवानं धाडलं म्हणूनच मरायला लागले होते? ती बाई नसती तर मी आज हे लिहायला नसते. तिनं दगड उचलला होता तोही भलेपणानंच. मी तिला फक्त विचारलं, मावशी, दगड वरून खाली कावून आणला?

‘‘तं काय देव लोकाईच्या पायाखाली ठेवाचा?’’ ती म्हणाली. एवढं साधं तुला कळत नाही का, अशा नजरेनं पाहिलं.

संघपाल एक पाऊल पुढं आला आणि खाली वाकून बाण पाहायला लागला. शेंदूर चढून चढून बाणाची फक्त कड उरली होती. त्याचे हात पाठीमागं होते, हे मी नीट पाहिलं आहे आणि लिहून ठेवते. तो म्हणाला की हा बाण माझ्या हातचा आहे.

जमलेल्यांत शिवम नावाचा एक पोरगा होता, विशीचा, कपाळाला टिळा. त्यानं विचारलं, ‘‘तुमचं आडनाव काय, भाऊ?’’

संघपालनं सांगितलं.

शिवम म्हणाला, ‘‘मंग हात नोका लावू.’’

घंटेवर एक माशी बसली होती, ती उडून पुन्हा बसली. संघपाल सरळ उभा राहिला, चार पावलं मागं आला, वही काढली आणि चौऱ्याण्णवच्या पुढं गोल काढला. त्याचा तोच हात त्या दगडावर दिवसभर ऊन खात फिरला होता, त्या हातानं रंग दिला नसता तर तिथं देव नसता. आणि आता त्याच हातानं शिवायचं नाही. तो दगड उचलून वर नेऊन ठेवायचा तर लांबच.

मी तेव्हा जाईबाईला तुमची नोटीस वाचून दाखवली. सगळी. तिनं शेवटपर्यंत ऐकली. दगड मूळ जागी नेऊन बसवावा, हे दोनदा वाचायला लावलं. मग शिवमकडं पाहिलं, संघपालकडं पाहिलं आणि मला म्हणाली, ‘‘त्या माणसाले मार खायले धाडून राह्यले का? ज्यानं ठेवाले लावला त्यानं यावं. चपला काढून यावं. मी सोता उचलून त्याच्या हातात देतो.’’

मग तिनं संघपालला पाणी दिलं. पितळी लोट्यानं, वरून ओतून नाही, लोटा हातात देऊन. शिवम निघून गेला. हे मी गोड वाटावं म्हणून लिहीत नाही. पिंपळढाण्याला जाईबाई होती. उरलेल्या चाळीस ठिकाणी ती नाही, आणि शिवम बहुतेक सगळीकडं आहेत.

आम्ही नवव्या दिवशी गाविलगडाच्या दरवाज्याशी पोचलो. माझ्या डाव्या पायाची दोन नखं काळी पडली होती, संघपालच्या बुटाचा तळ दोरीनं बांधलेला होता. एकशे अठरा किलोमीटर, नऊ शिक्के, नऊ वेगवेगळ्या ठिकाणी मारलेले. एकशे साठ दगडांपैकी एकशे एकोणीस टिंबं आणि एक्केचाळीस गोल. मला वाटलं होतं तिथं पोचल्यावर आनंद होईल. दरवाज्यात तुमचा मोठा फ्लेक्स होता, त्यावर तुम्ही, पाय दगडावर, आणि खाली लिहिलं होतं: चालाल तर कळेल.

पासबुक, वहीची प्रत आणि जबाब मागं घेतल्याचा अर्ज मी तुमच्या कार्यालयात दिला. कारकुनानं नऊ शिक्के उजेडात धरून पाहिले. मग रजिस्टर उघडलं आणि म्हणाला की तुमची नोंद आधीच ‘मार्ग सोडून गेलेल्या’ अशी झाली आहे, एका नावाच्या दोन नोंदी होत नाहीत. पोच देता येणार नाही. मी पोच मागितली नाही. मी पेन काढलं आणि माझ्याच प्रतीवर त्याच्यासमोर तारीख, वेळ आणि त्याच्या भिंतीवरच्या आठ प्रमाणपत्रांचे नंबर लिहून घेतले.

आठवड्यानं संघपालला दुसरी नोटीस आली. आता पंधरा दिवस. एक्केचाळीस दगड.

मी अकोटला त्याच्या घरी गेले. त्याची बायको आरती पाणी द्यायला उठली आणि रांजणावरचं झाकण बाजूला केलं. झाकण म्हणजे एक फळी. अर्धी निळी, अर्धी शेंदरी. ओल लागून निळा जरा पापुद्रला आहे. शेंदरी टिकला आहे, तुमची शाई त्याच्याहून टिकली आहे. ‘मंजूर’ स्वच्छ वाचता येतं. सही वाचता येत नाही, ती कधीच येत नव्हती, पण तारीख आहे. दोन वर्षं ही फळी त्या घराचं पाणी झाकते आहे. संघपालला विचारलं, ही आधी कावून दाखवली नाही. तो म्हणाला, ‘‘कोनाले दाखवू? सही ज्याची, त्यालेच?’’

म्हणून मी हे सगळ्यांना दाखवते आहे. फळी आता माझ्या दुकानात आहे. तिची रंगीत झेरॉक्स काढली आहे, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला अर्जासोबत एक देते. आरतीबाईंना रांजणाला नवं झाकण आणून दिलं.

आता उत्तर द्या, साहेब. नोटीशीला नोटीस नको, पुस्तिकेतला नियम नको, फळांची पिशवी घेऊन माणूस नको. वाट तुम्ही आखली, रंग तुम्ही ठरवला, ज्यानं इशारा दिला त्याच्या रंगाला तुम्ही हसलात. गावागावांनी तुमच्या मंजुरीचे एक्केचाळीस देव केले. ते देव उपटायला तुम्ही एका बौद्ध माणसाला एकट्याला पाठवता आहात, पंधरा दिवसांत, आणि त्यातले सहा दिवस गेलेसुद्धा. पिंपळढाण्यात एक म्हातारी ओट्याजवळ थांबून आहे. दगड स्वतः उचलून देते म्हणाली आहे, ज्यानं तो ठेवायला लावला त्याच्या हातात.

तुम्ही चपला काढून तिथं जाणार आहात, की नाही? लेखी सांगा. खाली सही करा. या वेळी वाचता येईल अशी.